छत्तीस फूट लिनोलियम

बाबा, त्या लिनोलियमबद्दल तुमच्याशी एकदा बोलायचंच होतं. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, तरी घरात चार माणसं जमली की आई ती गोष्ट काढतेच, आणि दर वेळी हसं होतं ते तुमचं.

बेंगळुरातल्या जयनगरच्या त्या भाड्याच्या घरात स्वयंपाकघराची जमीन जागोजागी उखडलेली होती. नागपूर सोडून आल्यापासून आईने दुसरं काही मागितलं नव्हतं, फक्त पायाखाली काहीतरी धड हवं होतं. मी सहावीत होते आणि गणितात पहिली येत होते, म्हणून माप घ्यायचं काम तुम्ही मला दिलंत. मी टेप घेऊन भिंतीच्या कडेकडेने सगळी खोली फिरले. दहा, आठ, पुन्हा दहा, पुन्हा आठ. चिठ्ठीवर ऐटीत लिहिलं, छत्तीस फूट. शनिवारी तुम्ही कारखान्यातून परस्पर तिथल्याच शिवाजीनगरच्या बाजारात गेलात आणि सहा फूट पन्ह्याच्या गुंडाळीतून छत्तीस फूट कापून आणलंत. पडताळून पाहिलं नाहीत. माझ्यावर एवढा विश्वास कशाला टाकलात, याचा मला अजून राग येतो.

रिक्षातून दोन्ही बाजूंनी बाहेर आलेलं ते धूड आणि त्याला मिठी मारून बसलेले तुम्ही, हे मला आत्ताही दिसतंय. वीस फुटांतच स्वयंपाकघर झाकलं गेलं. शेजारच्या अक्का, तीन पिढ्या बेंगळुरात राहिलेल्या मराठी घरातल्या, दारातूनच म्हणाल्या, "अय्यो, स्वल्प जास्तीच झालं की हो!" आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कारखान्यात म्हणे केसाएवढी चूक पकडतात! मोजलं कुणी हे?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "मीच. घाईत मोजलं." मी टेप हळूच फळीमागे सरकवली.

दुसऱ्या दिवशी आई अक्कांकडे गेलेली असताना तुम्ही खोक्यांच्या पुठ्ठ्याचे एकेक फुटाचे चौकोन कापलेत. कपडे वाळत घालायची दोरी छत्तीस फुटांवर गाठ मारून स्वयंपाकघराच्या कडेने ठेवलीत. "आत पुठ्ठे मांड." ऐंशी बसले. मग तीच दोरी बाहेरच्या बोळात लांबट पसरलीत, सतरा फूट लांब आणि एक फूट रुंद. "आता मांड." सतराच बसले. मी पुन्हा मोजले. दोरी तीच, गाठ तीच! "बाबा, बाकीचे कुठे गेले?" तुम्ही बोळातच फतकल मारून बसलात आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. मला रागावाल म्हणून मी घाबरले होते, आणि तुम्ही तर मजेत होतात. कुंपण किती लागेल ते दोरी सांगते, आत जागा किती ते पुठ्ठेच सांगणार, एवढंच म्हणालात. उरलेलं लिनोलियम अक्कांच्या स्वयंपाकघरात गेलं, तरी थोडं उरलंच. आमच्या फळ्यांवर, फ्रिजखाली, तुमच्या स्कूटरच्या डिकीत, सगळीकडे तीच तपकिरी फुलं.

मी आता मल्लेश्वरमच्या एका शाळेत गणित शिकवते. दर वर्षी वर्गात दोरी आणि पुठ्ठे नेते, आणि आमचे बाबा एवढे इंजिनिअर असून कसे फसले ते रंगवून सांगते. मुलं खूप हसतात. या आठवड्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "मिस, पण तुमच्या बाबांनी स्वतः मोजलं असतं तर ते चुकलेच नसते ना? मग मोजलं कुणी?"

मी म्हटलं, "चला, पुढचं उदाहरण घ्या."

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ते बरंच आहे. सोमवारी त्या मुलीला खरं सांगेन. आईला सांगायचं धैर्य मात्र अजून होत नाही, बाबा. तोवर तुम्हीच सांभाळून घ्या.