बटणं आपोआप तुटताहेत

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे जेमतेमच वाकलोय, गोड मानून घे). तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला? आमचं बरं आहे, म्हणजे काहीच नाही.

सगळी कामं यंत्रांकडे गेली त्याला आता दोन वर्षं होतील. कोपऱ्यावरच्या पेटीपुढे उभं राहिलं की ती माप घेते आणि चहा निवायच्या आत शर्ट बाहेर टाकते. (मी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना 'परवा या' सांगत आलो. ही बया परवा म्हणतच नाही.) दुकान बंद केलं. जो तो म्हणाला, आता आराम करा. केला. आराम करून करून थकलो गं! हिला मदत करावी म्हणून स्वयंपाकघरात गेलो, तर तीच यंत्रापुढे मांडीवर हात ठेवून बसलेली. मग दोघंही पातेल्याकडे बघत बसलो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, तशी मी पडद्यांची, उशांची, शेवटी पायपुसण्याचीही मापं घेतली. त्यामुळे दाजींनी माझं शिलाई मशीन वाचनालयात शोभेला ठेवायला मागितलं, तेव्हा हो म्हणून मोकळा झालो. त्या दिवशी जेवण गेलं नाही, हे त्यांना सांगू नकोस.

पण महिनाभर चमत्कार चाललाय. पेटीच्या कपड्यांची बटणं तुटताहेत! माझ्या एकट्याच्या शर्टांची आठवड्यात पाच. हिची बाही उसवली. वरच्या मजल्यावरचे पोस्टमन (तेही रिकामेच, दिवसभर जिना चढतात-उतरतात) चप्पल घालायला वाकले आणि पँट मागून टर्रकन गेली. बिचारे मागे वर्तमानपत्र धरून माझ्या दारात. मी सवयीने म्हणालो, परवा या. काय सांगू ताई, दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. हिला म्हटलं, बघ, यंत्राचा दोरा कच्चा! ती म्हणाली, 'हो का?' तिला शिवणातलं काय कळतंय?

घरच्या सगळ्यांना विचारल्याचं सांग.

तुझा,
धाकटा

ता.क. मशीन न्यायला रविवारी गाडी पाठवू नका. खरं तर एवढंच लिहायचं होतं. दाजींना तूच सांग, माझी छाती होत नाही.

ता.क. पत्र पोस्टमन स्वतः चालत आणून देतील. पोच म्हणून सही मागतील, ती दे.

ता.क. वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून मी लिहितेय. बटणं मीच तोडते. पँट मात्र मी नाही, ती पोस्टमनच्या बायकोने उसवली. ब्लेड माझं. ह्यांना कळू देऊ नका. आणि खरंच गाडी पाठवू नका हो. हे पुन्हा एकेक बटण इतकं घट्ट लावतात की ते तोडता तोडता माझी अख्खी दुपार जाते. किती दिवसांनी दुपार जातेय.