नानांची गोळी

चिक्कडपल्ली, मंगळवार, नोव्हेंबर १९९६

नाना वाचले. हे आधी लिहिते, कारण पुढचं सगळं कडू आहे.

सकाळी सासरे दाढ काढायला माझ्याच दवाखान्यात आले. सगळ्यांना विचारते तसं त्यांनाही विचारलं, "नाना, हृदयाची, बीपीची काही गोळी चालू आहे?"

हसले. "अगं, दाढ काढायचीय ना? मग दाढेचं विचार."

भूल दिली, आणि थोड्याच वेळात ते छाती चोळायला लागले. माझी मदतनीस शाहीन ओरडली, "मॅडम, पसीना देखो इनका!" खुर्ची सरळ केली, जिभेखाली गोळी ठेवली, ॲस्पिरिन चावायला लावली, ऑक्सिजन लावला, आणि त्यांना हिमायतनगरला हॉस्पिटलात नेलं.

तिथे कळलं, हृदयाची गोळी वर्षभर चालू आहे. वर्षभर! सासूबाईंना माहीत होतं, आणि सॉफ्टवेअर कंपनीतून धावत आलेल्या माझ्या नवऱ्यालाही. म्हणाला, "नाना म्हणाले, तिला कशाला सांगायचं, ती दातांची डॉक्टर."

माहीत असतं तर आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलले असते, भुलेचं औषधही वेगळं घेतलं असतं. माझं चुकलं का? विचारलं तर होतं. एका गोळीचं नाव सांगायला काय जात होतं?

संध्याकाळी नानांचे कचेरीतले जुने मित्र भेटायला आले. एकाने विचारलं, "वेळेवर औषध कुणी दिलं हो?"

"होतं कुणीतरी दवाखान्यात," नाना म्हणाले.

मी तिथेच उभी होते, त्यांचा चष्मा पुसत.