चार ऑगस्टचा ओटीपी

ब्राह्मणपुरी, ता. शहादा
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

चि. दामिनीस अण्णांचे आशीर्वाद.

आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. नाशिकला तुझी खोली, मेस, कॉलेज सगळं मार्गी लागलं असेल. परवा पोळा झाला. आईने पुरणपोळ्या केल्या, आम्ही दोघांनी मिळून तीन खाल्ल्या आणि बाकीच्या सालदाराकडे पाठवल्या. पाऊस बरा आहे. प्रकाशाला तापी दुथडी भरून वाहते आहे, केळी उभी आहे, कापसावर मावा पडला आहे.

तू म्हणशील, अण्णांना म्हातारपणी कागदावर पत्र लिहायचं काय खूळ लागलं! फोन करायचा की. तर माझा फोन सध्या माझ्याजवळ नाही. का नाही, ते पुढे येईलच. आईच्या फोनवरून बोललो असतो, पण नको तो विषय निघाला की तुझी रेंज जाते हे मला माहीत आहे.

या आठवड्याच्या साप्ताहिकात माझं ‘संगणक आणि आपण’ हे सदर आलेलं नाही. यापुढेही येणार नाही, तसं संपादकांना कळवून टाकलं. अकरा वर्षं लिहिलं, पुष्कळ झालं. लिहिण्यासारखं काही उरलं नाही असं समजू नकोस. रोजच्या पेपरात नुसता सुकाळ आहे. आता म्हणे एआय मास्तर येणार आणि पोरांना गणित शिकवणार. अरे, डोंगरातल्या एका आश्रमशाळेत सात कॉम्प्युटर येऊन दोन वर्षं झाली, धूळ बसते म्हणून त्यांच्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही! पोरं खिडकीतून बघतात आणि परीक्षेत ‘संगणकाचे उपयोग’ दहा ओळींत लिहितात. आणि आम्ही क्लासवाले तरी काय मोठे दिवे लावतो? टायपिंग शिकवतो, चित्राला रंग भरायला शिकवतो, प्रमाणपत्रावर शिक्का मारतो.

शहाद्यात एका निवृत्त हेडमास्तरांना खोट्या पोलिसाने व्हिडिओ कॉलवर दोन दिवस घरात बसवून ठेवलं होतं, आठवतं ना? बिचारे संडासला जायचीही परवानगी मागत होते. त्यावर मी लेख लिहिला होता, लोकांनी स्टँडवर थांबवून शाबासकी दिली. प्रत्येक लेखात माझा चोर बाहेरचा असायचा. परराज्यातला, परदेशातला. स्टँडमागच्या आपल्या क्लासमधल्या खुर्चीत बसलेला चोर मी अकरा वर्षांत एकदाही लिहिला नाही.

गेल्या सोमवारी जोसेफ आला होता. लेकीला, प्रिस्किलाला घेऊन. नवापूरच्या डोंगरातून पहाटे निघाले आणि दोन गाड्या बदलून अकराला क्लासवर पोचले.

प्रिस्किला कोण हे तुला सांगायला नको. दोन वर्षं तुझ्या शेजारच्या मशीनवर बसत होती. वसतिगृहातून चालत यायची, तू तिला डब्यातलं द्यायचीस. पुण्याच्या सरकारी कॉलेजात कॉम्प्युटरला तिचा नंबर लागला तेव्हा क्लासमध्ये पेढे मीच वाटले. आणि चार ऑगस्टला दुपारी तिचा तो प्रवेश तिच्याच खात्यातून रद्द झाला.

आता तू पत्र बाजूला ठेवू नकोस. वाच.

त्यांच्या गावात रेंज नाही. म्हणून डोंगराकडच्या सगळ्या पोरांच्या फॉर्मवर मोबाइल नंबर माझा. पासवर्डही मीच करून द्यायचो, नावापुढे एक-दोन-तीन. पोरं विसरतात म्हणून सगळे एका वहीत उतरवून ठेवायचो आणि वही टेबलावर उघडी पडलेली असायची. लोक म्हणायचे, सुकलाल सर किती करतात हो पोरांसाठी! मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू. तक्रार केली तेव्हा प्रवेशाच्या ऑफिसने जोसेफला सांगितलं, प्रवेश रद्द करताना ओटीपी गेला होता आणि तो बरोबर टाकला गेला. तो कोणाच्या नंबरावर गेला हे त्याला वेगळं सांगावं लागलं नाही.

त्या दुपारी मी बाहेरच्या टेबलावर लेख लिहीत होतो. विषय सांगू? ‘ओटीपी कोणालाही सांगू नका.’ हसू येतंय ना? मलाही आलं असतं, दुसऱ्या कोणाचं असतं तर. तू आतल्या खोलीतून ओरडलीस, “अण्णा, ओटीपी आला असेल, वाचा ना!” आणि मी मान वर न करता सहाचे सहा आकडे खणखणीत आवाजात वाचून दाखवले. वर नाव कोणाचं, काम कसलं, काही पाहिलं नाही. वाटलं, तुझ्याच फॉर्मचं काही असेल.

इथपर्यंत मी नुसता मूर्ख होतो.

संध्याकाळी घरी येऊन मी तो मेसेज वाचला. प्रिस्किलाचं नाव होतं. ‘प्रवेश रद्द करण्यासाठी’ असं साफ लिहिलं होतं. तू ओट्यावर आईजवळ बसून भेंडी चिरत होतीस आणि माझ्याकडे बघत नव्हतीस. मी तुला हाक मारली नाही. मेसेज पुसून टाकला. त्या क्षणी हाक मारली असती तर रात्रीत धावपळ करता आली असती, दुसऱ्या दिवशी ऑफिस गाठता आलं असतं. मी जेवलो, हात धुतले आणि झोपलो.

दोन दिवसांनी जोसेफची तक्रार गेली आणि ऑफिसने क्लासकडे खुलासा मागितला. तो मी लेटरहेडवर टाइप केला, ‘सदर विद्यार्थिनीकडून अनवधानाने बटन दाबले गेले असावे.’ खाली सही, गोल शिक्का. तुला पंधरा तारखेला नाशिकच्या गाडीत बसवताना तो कागद जाऊन आठ दिवस झाले होते. तू खिडकीतून म्हणालीस, “अण्णा, काही झालं तर फोन करा.” काय होणार होतं ते तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. बाप-लेकीने एकमेकांना काय सुंदर फसवलं!

तर सोमवारी जोसेफ खुर्चीवर न बसता दाराशी उभा होता. मी मनात तयारी ठेवली होती, की हा ओरडेल, आणि ओरडला की मीही आवाज चढवीन. तो एवढंच म्हणाला, “सर, आम्हाला यातलं समजत नाही. तुम्हाला समजतं म्हणून पोरगी तुमच्याकडे दिली. आता पुढे काय करायचं ते पण तुम्हीच सांगा.” माझा आवाज चढायला जागाच राहिली नाही.

आणि ती पोरगी. आपल्या क्लासमध्ये आजवर तिच्याइतकं डोकं कोणाचं चाललं नाही. मी नुसता प्रश्न फळ्यावर लिहायचो, ती प्रोग्राम करून मोकळी व्हायची. ती खाली बघत म्हणाली, “सर, तुम्ही लिहून दिलंय म्हणजे माझ्याच हातून दाबलं गेलं असेल. मला आठवत नाही, पण झालं असेल. मला हे कॉम्प्युटरचं जमणार नाही सर. पपांना म्हटलं, मी गावातच काहीतरी करते.” जाताना तिने मशीनवरून हात फिरवला, दुसऱ्याची वस्तू असल्यासारखा.

दामिनी, जागा गेली त्याचं मला जेवढं लागलं नाही तेवढं हे लागलं. आपण दोघांनी मिळून त्या पोरीला पटवून दिलं की ती अडाणी आहे.

तू हे का केलंस ते मी विचारणार नाही. मला माहीत आहे. दोन वर्षं उठता-बसता मी तुला ऐकवलं, त्या जोसेफच्या पोरीकडून शीक, तिच्या घरी लाइटसुद्धा धड नाही. तुझे मार्क आले तेव्हा पेपर नीट बघायच्या आधी मी तिचे विचारले. तुझं तोंड पडलेलं मला दिसत होतं आणि मी बोलतच राहिलो. हा माझा गुन्हा आहे आणि मी तो मान्य करतो. पण त्याची शिक्षा तू मला द्यायची होतीस गं. तिला का दिलीस? तिने तुझं काय घोडं मारलं होतं?

काल शनिवारी मी नंदुरबारला सायबर शाखेत जाऊन जबाब दिला. फोन तिथेच जमा केला. ओटीपी माझ्या नंबरवर आला, मी वाचला, दामिनीने मागितला होता, नंतर मी मेसेज पुसला, मग खोटं पत्र दिलं, असं सगळं क्रमाने सांगितलं. त्याची प्रत प्रवेश कार्यालयालाही दिली. गुरुवारी प्रिस्किलाच्या तक्रारीची सुनावणी आहे. जागा परत मिळेलच असं कोणी सांगत नाही. माझा जबाब नसता तर मिळणारच नव्हती, एवढं नक्की.

तुझी आई कालपासून माझ्याशी बोलत नाही. शेवटचं बोलली ते असं, “पोटनी पोरनं नाव लिखी दिधं तुम्ही? आपली पोर शे ती!” म्हटलं, आपली आहे म्हणून तर. तिला ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर रात्री मलाही पटत नव्हतं. पोलीस तुला बोलावतील. कॉलेजात कळेल. लग्नाच्या वेळी लोक हा विषय काढतील. हे सगळं मला सही करताना दिसत होतं. मी तरी सही केली, आणि याबद्दल तू मला आयुष्यभर माफ केलं नाहीस तर मी तक्रार करणार नाही.

बुधवारी गणपती बसतील. त्या दिवशी नाशिकहून सकाळची गाडी धर. वकील मी बघितला आहे, पोलिसांपुढे तुझ्या शेजारी मीच बसेन, घाबरू नकोस. पण त्याआधी आपण दोघं नवापूरला जाऊ. जोसेफ मारेल, बोलेल, दारातून हाकलेल, काय करायचं ते करू दे. तू माफी मागितली नाहीस तरी चालेल, येत नसेल तोंडातून तर नको मागू. फक्त त्या पोरीच्या समोर उभी राहा आणि तिला सांग, की बटन तिच्या हातून दाबलं गेलं नव्हतं.

तुझा, आणि तुझ्याइतकाच गुन्हेगार,
अण्णा