चिन्नोरची बांधी आणि भाचीचा शब्द

खैरलांजीहून, कार्तिकातला मंगळवार

चि. ज्योत्स्ना हिच्या पायांवर महागूमामाचं डोकं. (हे हैदराबादेत कुणाला वाचून दाखवलंस तर समजावून सांग, की आमच्या बाजूला मामाच भाचीच्या पाया पडतो, नाहीतर लोक मला वेडा समजतील.) तुझी तब्येत बरी असेल, जेवण वेळेवर होत असेल आणि तुझ्या त्या पेशी सांगितल्याप्रमाणे वागत असतील असं धरून चालतो. आमच्याकडे सांगितल्याप्रमाणे कुणीच वागत नाही, म्हणून हे पत्र.

पोळ्याला आली होतीस तेव्हा ओसरीवर खडूनं जाळं काढून तू मला तुझा अभ्यास समजावला होतास. एका पेशीत हजारो जनुकं एकमेकांना बांधलेली. सगळ्यांना धरत बसायचं नाही, मोजकी हेरायची, ती हलवली की बाकीची आपोआप वळतात. आणि भलतंच हलवलं तर आजार उलट बळावतो. मी विचारलं, आमच्या धानाच्या बांधीचंही असंच असतं का. तू हो म्हणालीस आणि तुडतुडे, त्यांना खाणारे कोळी, पाणी, औषध सगळं रेघांनी जोडून दाखवलंस. वर सांगून गेलीस, की मामा, तुडतुडे दिसले की धावत जाऊन औषध मारू नका, त्यानं आधी कोळी मरतात आणि मग तुडतुड्यांना रान मोकळं. भाचीचा शब्द आमच्यात खाली पडू देत नाहीत. मी मान डोलावली. (तेव्हा तुडतुडे नव्हते, मान डोलवायला काय जातं.)

आता आहेत, आणि नेमके चिन्नोर धानाच्या बांधीत. तुझ्या आजीचं, मैनाबाईचं, ते बियाणं आता या एकाच बांधीत उरलंय, बाकी गावानं कधीच बाजारचं पेरलं. ही बांधी गेली की आजीचं चिन्नोर संपलं. मधोमध करपलेला गोल पडलाय. गेल्या आठवड्यात खाटेएवढा होता, आता त्यात बैलगाडी फिरेल. वाकून बुंधे फाकवले की तुडतुडे तोंडावर उडतात. खरं सांगतो ज्योत्स्ना, मला भीती वाटते. शेजारच्या भोजराजनं एकदा औषध मारलं, त्याचं धान हिरवं आहे, हे तुझी मामी मला रोज बोट दाखवून सांगते. (तुडतुडे त्याच्याकडेही आहेत, हे मी बोट दाखवून सांगतो. ते तिला दिसत नाही.)

मग मी विचार केला, मोजकी हेरायची तर कोळीच हेरावेत. भोजराज पुन्हा पंप पाठीवर घेणार होता, त्याचे कोळी तसेही मरणारच. म्हणून मामीचा तीन कप्प्यांचा डबा घेऊन सकाळभर त्याच्या बांधीच्या काठच्या धुऱ्यावर रांगत कोळी धरले. भोजराजनं विचारलं काय हरवलं, मी म्हणालो अंगठी. तोही रांगायला लागला, माणूस भला आहे. भरलेला डबा आपल्या बांधीत नेऊन उघडला, तर प्रत्येक कप्प्यात एकेकच कोळी, गलेलठ्ठ. बाकीचे त्यांच्या पोटात गेले होते. कोळ्यापासून कोळ्याकडे जाणारी रेघ तू काढली नव्हतीस. मी तिघांनाही सोडलं, पण जेवायच्या बेतात कुणीच दिसला नाही.

त्यानंतर तुझ्या जाळ्यातलं पाणी आठवलं. बांधीतलं पाणी काढून टाकलं, बुंध्यांना ऊन लागावं म्हणून काठीनं धान सारून वाटा केल्या. आता दिवसभर धुऱ्यावर उभा असतो, कारण मामीनं रविवारसाठी फवारणीचा पंपवाला सांगितलाय. मी तुझं नाव घेतलं, तर म्हणाली, "तुमची भाची हैदराबादले बसली हाय. करपून तं आपलं राह्यलं." यावर तुझ्याकडे उत्तर असलं तर कळव.

धुऱ्यावरच मुक्काम ठोकलेला,
महागूमामा

ता. क. उत्तर सवडीनं दे, पण रविवारच्या आत मामीला फोन कर. फवारू नका, एवढंच सांग. माझं ती ऐकत नाही, पण भाचीचा शब्द तिलाही मोडता येणार नाही. फोनवर मीच बोललो असतो, पण फोन तिच्याजवळ असतो आणि स्पीकर कायम चालू. पत्र तिच्याच हाती वारासिवनीच्या पोस्टात पाठवतोय. घाबरू नकोस, तिची शाळा हिंदीतली, मराठी तिला वाचता येत नाही.

आणखी ता. क. ज्योत्स्नाबाई, पाया पडते. मी सत्यभामामामी. अक्षर तं हिंदी-मराठी दोन्हीचं एकच हाय, पण मामाले कोण सांगावं. पंपवाल्याले मी काही सांगतलं नाही. पंप येऊन राह्यला म्हटल्याबिगर हे वावरात थांबत नाहीत. आता हे रोज जातात, पाणी काढलं, वाटा केल्या. मी काड्या रोवून पाह्यलं, तो गोल परवापासून वाढला नाही. धुऱ्याकडच्या पिकल्या लोंब्या मी कापून कोठीत टांगल्या, आजीचं बियाणं कुठी जात नाही. हे मामाले सांगू नको, नाही तं उद्याच पानठेल्यावर जाऊन बसतीन. फोन हौ, जरूर कर. पण फवारू नका म्हणू नको. म्हण, मामी, पंप शनिवारीच बोलवा. स्पीकर मी चालू ठेवीन.