बाटलीतलं दूध कोणाचं

५ फेब्रुवारी ९६, सोमवार
आज नऊ घरं. सहाजणींनी अंगावरच्या दुधाची बाटली दिली, तिघींनी दार लोटून घेतलं. प्लेगच्या साली वह्या घेऊन घरोघर फिरलेले लोक आमची ही मिलवस्ती, पांडेसरा, विसरलेली नाही, आणि वही तर माझ्याही हातात आहे.

प्रत्येक घरी तेच. हे दूध नेऊन करता काय? डब्याची पावडर बनवता का? विकता का? मी घोकल्यासारखं सांगते: डॉक्टरबाईंचं संशोधन आहे, मिलवाल्यांच्या बायकांच्या दुधात काय कमी काय जास्त ते बघायचंय, म्हणजे पोरं अशी काटकुळी का ते कळेल. बारावी पास आणि अहिराणी येते, एवढ्यावर मला ठेवलंय. पोपटच झालेय मी.

शेजारची मंगल शेवटी तयार झाली. शिंदखेड्याकडची, दुसऱ्या खेपेची बाळंतीण, पोरगा तीन महिन्यांचा. तिचा प्रश्न एकच, "मन्हं दूध जाळतस का त्या?" आमच्याकडे जास्तीचं दूध झाडाच्या बुंध्याशी ओततात. चुलीत, विस्तवात गेलं तर पान्हा आटतो, हे खानदेशातल्या बाईला कोणी शिकवावं लागत नाही. मी म्हटलं, छे गं, नळीत घालून फिरवतात, वर साय येते ती मोजतात. तिला पटेना. मग म्हटलं, सोनूची शपथ, जाळत नाहीत.

पाच महिन्यांच्या लेकीची शपथ. घेऊन बसले खरी.

८ फेब्रु., गुरु.
मंगलची बाटली मी जायच्या आधीच भरून तयार. गळ्यापर्यंत. बाकीच्या बायका पदराआड अर्धा अर्धा तास बसतात तेव्हा कुठे बाटलीचा तळ झाकतो. हिचं एवढं कसं उतरतं? वर नजर चुकवत होती.

विचारलं नाही. मला बाटली हवी होती, ती मिळाली. बर्फाच्या थर्मासमध्ये टाकली आणि निघाले.

गल्लीत कोणीतरी बायकांना भडकवतंय. आज आणखी दोघी नाही म्हणाल्या. मला आमच्या सासूबाईंचाच संशय आहे. दुपारभर ओट्यावर बसून असतात, आणि मी आले की बायकांचं बोलणं एकदम कांद्याच्या भावावर येतं. सुनेने पगार आणावा, पण परक्यांच्या दुधाला हात लावू नये! असं कसं चालेल?

१६ फेब्रु., शुक्र.
डॉ.बाईंनी आत बोलावलं. दार लावून घेतलं. टेबलावर दोन पेले. दोन्हींत आंबट थेंब टाकले. एकात बारीक रवाळ कण झाले, दुसऱ्यात दह्यासारखा गठ्ठा. गठ्ठ्याच्या बाटलीवर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी. मंगलची.

"सुमनबेन, आ दूध माणसनुं नथी."

माणसाचं नाहीच म्हणे, म्हशीचं, पाणी घातलेलं. मंगलच्या नावाच्या सगळ्याच बाटल्या तशा. बाईंना वाटतंय मी घरं न फिरता घरी बसून बाटल्या भरते. तोंडाने म्हणाल्या नाहीत, पण थर्मासकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मंगलचं नाव पुढे केलं असतं तर सुटले असते. केलं नाही. का ते मलाच नीट...

हुकूम असा: गुरुवारी मंगलचं खरं दूध आणायचं. आणि मीही अंगावर पाजते तर माझी स्वतःची एक बाटली. नाही आणली तर सोमवारपासून यायचं नाही.

१७ फेब्रु., शनि.
प्रयोगशाळेत वह्या जमा करायला गेले. बाई नव्हत्या. म्हटलं आज बघूनच घ्यावं. मागच्या खोलीत कधी गेले नव्हते, काम पडलं नव्हतं. तिथे लोखंडी पेटीसारखी एक भट्टी. शेजारी चिनीमातीच्या वाट्या, तळाला पांढरट राख. वाट्यांवर नंबर. माझ्याच बाटल्यांचे. आमच्या चौथ्या गल्लीचे.

साहाय्यकाला विचारलं, हे काय? तो म्हणाला, दुधातलं जस्त आणि लोह कसं मोजणार मग? जाळून राख करावीच लागते. सगळ्या बाटल्यांतलं थोडं थोडं जातं. तुम्हांला माहीत नव्हतं?

नव्हतं. कोणी सांगितलंच नाही. मी विचारलंही नाही.

१९ फेब्रु., सोम.
मंगलला गाठलं, डॉ.बाईंचा हुकूम सांगितला, तिच्या बाटलीचा आणि माझ्याही. तिने सरळ कबूल केलं. पिशवीचं दूध, पाणी घालून. लाज नाही, भीती नाही. उलट मलाच विचारलं: तू शपथ घेतलीस ताई, पण आत जाऊन पाहिलं होतंस का?

 शनिवारी पाहिलं, हे ओठांवर येऊन गिळलं.

बाटलीबद्दल सासूबाई तिला काही बोलल्या का, तेही विचारलं. म्हणाली, त्या तर म्हणत होत्या दे बापडी, पोरीची नोकरी टिकेल. मी दोन आठवडे म्हातारीशी घरात धड बोलले नाही. आता कोणत्या तोंडाने बोलू?

२० फेब्रु., मंगळ.
सोनू कालपासून ओढते, सोडते, रडते. उजव्या बाजूला तर तोंडच लावत नाही. सर्दी असेल. नाक चोंदलं की पोरं असं करतात, मीच बायकांना सांगते.

सर्दीच असेल ना?

हे डाइंग हाउसमधून, कापड रंगवून आले, हात अजून निळे. म्हणाले, शिकलीसवरली बाई तू, कुठे जाळलेल्या दुधाने पान्हा आटतो? ते बरोबर आहे. मग मी दर तासाला दाबून का बघतेय? काल पेल्यात दोन बोटं दूध पडलं होतं, आज एकच बोट. भीतीनेही दूध उतरत नाही, असं डॉ.बाईच एकदा म्हणाल्या होत्या. मग ही भीती की शपथ? कोणत्या वाटीत मोजायचं हे?

२२ फेब्रु., गुरु.
मंगल सकाळी नऊला आली. म्हणाली, तुझी बाटली आधी भर, मी बघते, मग माझी देते. पोराला सासूबाईंकडे दिलं आणि समोर फतकल मारून बसली.

बसले बाटली घेऊन. थेंब नाही. दाबून दाबून लाल झालं. सोनू भुकेने किंचाळत होती, मला घाम फुटला. मंगल नुसती बघत होती. मग उठली, न विचारता सोनूला उचललं, पदर घेतला आणि तिला स्वतःच्या अंगाला लावलं. पोरगी तुटून पडली. घटाघट आवाज. उतरतंय की हिचं, चांगलं उतरतंय.

मला रडूच आलं. बरं वाटलं म्हणून की लाज वाटली म्हणून, कोण जाणे.

मंगल मान वर न करता म्हणाली, "आते तुन्ही पोरना पोटमा मन्हं दूध शे. आते सांग. जाळतस का?"

सांगितलं. जाळतात. भट्टी आहे. मी शनिवारी पाहिली.

तिने सोनूला अर्ध्यात काढलं नाही. पोरीने आपणहून सोडेपर्यंत पाजलं, तोंड पुसलं, माझ्या मांडीवर ठेवलं. दोन रिकाम्या बाटल्यांतली एक उचलून घरी घेऊन गेली. आपलं पोरही न्यायचं विसरली.

साडेदहा झालेत. प्रयोगशाळेची रिक्षा अकराला नाक्यावर येईल. तिचं दार आतून बंद आहे. सासूबाई विचारतात, तिच्या पोराला भूक लागली, आता याला कोण पाजेल? मी त्याला पदराखाली घेतलंय.