आमच्या इमारतीचा सुका कचरा

३ मार्च, सोमवार

आज सकाळपासून ती एक दुपार डोळ्यांसमोर आहे. धाकटी लेक तापानं निजलेली. मी दारात रद्दी घेऊन बसलेली, कचरा वेचणाऱ्या मावशी खालच्या पायरीवर. दोघी वर्तमानपत्रांच्या घड्या घालत होतो. मी मिशनच्या शाळेत सिस्टरनी शिकवलं तशी, काठाला काठ जुळवून. त्या हसल्या – "बाई, रद्दी आहे ही, रुमाल नाहीत!" आणि थोड्या वेळानं स्वतःही तशाच घड्या घालू लागल्या. चहा झाला. त्या गेल्या. बाकी काहीच घडलं नाही. तेवीस वर्षं झाली त्याला!

आठवायचं कारण म्हणजे आज त्यांना फाटकावर अडवलं. पालिकेची नवी योजना आली आहे. सुका कचरा आता कंपनीची गाडी नेणार, आणि कार्ड नसेल त्यानं आत यायचं नाही. मावशी पोतं खांद्यावर टाकून उभ्या होत्या. वॉचमन त्यांच्याकडे बघत नव्हता. दर खेपेला त्यांच्याकडून तंबाखू मागून घेणारा माणूस!

४ मार्च

सेक्रेटरींना गाठलं. "काकू, भावना बाजूला ठेवा. आता सिस्टिम आली आहे."

सिस्टिम! दर सोमवारी आणि गुरुवारी चौदा घरांचा कचरा न चुकता उचलला जात होता, ते काय होतं मग?

७ मार्च, शुक्रवार

गाडी आली. माझ्या धुतलेल्या दुधाच्या पिशव्या, बांधलेले पुठ्ठे, सगळं त्या माणसानं ओल्या कचऱ्यावर भिरकावलं. माझ्या डोळ्यांदेखत! मी चप्पल न घालताच खाली गेले आणि पुठ्ठे ओढून काढले.

"आजी, काय करताय?"

"माझा कचरा परत नेतेय."

तिसऱ्या मजल्यावरची शिक्षिका खिडकीतून बघत होती. संध्याकाळी ती घरोघरी फिरली. चौदापैकी अकरा घरं म्हणाली, गाडीला सुकं द्यायचं नाही. बाल्कनीत साठवायचं. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर म्हणाले, "माझी बाल्कनी मोठी आहे, आणा काय ते." बायकोनं डोळे वटारले, तरी म्हणाले!

११ मार्च, मंगळवार

पालिकेच्या कार्यालयात गेलो. मावशी, त्यांच्याबरोबर वेचणाऱ्या सहाजणी आणि मी. अधिकारी तरुण मुलगी, सारखी घड्याळाकडे बघणारी. "तुम्हाला वर्गीकरण येतं का? प्लॅस्टिकचे सात प्रकार असतात."

मावशींनी डोळे मिटले. "चुरगाळा काहीही."

मुलीनं कचऱ्याच्या टोपलीतलं एकेक काढून त्यांच्या कानाशी चुरगाळलं. "ही दुधाची पिशवी. ही औषधवाल्याची, पातळ. हे बिस्किटाचं वेष्टन – ह्याला कुणी विचारत नाही, उगाच पोतं भरतं." एकही चुकलं नाही. आमच्या इमारतीतली मुलं त्यांना उगाच कानवाल्या मावशी म्हणत नाहीत!

मुलीनं घड्याळ बघायचं सोडलं. "आमच्या माणसांना शिकवाल हे?"

"शिकवीन की. आधी फाटक उघडा."

मग तिनंच सांगितलं. वेचणाऱ्या बायकांच्या गटाला कार्डं देता येतात, आमच्या गल्लीचं कामही देता येतं. पण निवडायला छपराची, कुलपाची जागा हवी. यादी वीस तारखेला बंद होते. जागा नसेल तर सगळं कंपनीला.

सहाजणी एकमेकींकडे बघत राहिल्या. ह्यांच्यापैकी कुणाच्या घराला धड कुलूप नाही.

१२ मार्च

जागा आहे! माझं गॅरेज. ह्यांनी जाण्याआधीच ते माझ्या नावावर केलं होतं. आत ह्यांची गाडी सहा वर्षं उभी आहे. कधीकधी मी जाऊन शेजारच्या सीटवर बसते. अजून तेलाचा वास येतो. खूप रडले आज. मग मेकॅनिकला फोन केला, गाडी बाहेर काढायला.

मुलाचा फोन. "आई, वेड लागलंय का? बाबांची गाडी काढून तिथं कचरा?"

"बाबांची गाडी चालत नाही. मावशी चालतात."

त्यानं फोन ठेवला.

१६ मार्च, रविवार

सोसायटीची मीटिंग. "वास येईल, काकू." मी म्हटलं, सुक्या कचऱ्याला वास नसतो, ओलं मिसळणाऱ्यांमुळे येतो. इंजिनिअर खो खो हसले. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "ठीक आहे, तुम्ही आहात तोवर. पुढचं तुमचा मुलगा बघेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. कसं पटकन समाधान झालं सगळ्यांचं!

१८ मार्च, मंगळवार

आज माझी मान खाली गेली.

अर्ज मी लिहिला होता. सुवाच्य, समास सोडून, सिस्टरनी पाठ थोपटली असती असा. अधिकारी मुलीनं तो सगळ्यांसमोर वाचला. "गटप्रमुख –" आणि माझं नाव. "सदस्य –" आणि त्या सातजणी. मला त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं! कागद कुणाच्या तरी नावानं जायचा, म्हणून माझ्या.

मावशी हळूच म्हणाल्या, "बाई कचरा वेचतात का?"

मी तिथंच नाव खोडलं, त्यांचं घातलं.

बाहेर आल्यावर म्हटलं, चुकलं माझं. त्या म्हणाल्या, "तुमचं मन चांगलं आहे, बाई. म्हणून तर बोलले. पण उसनं छप्परही नकोच वाटतं. आज तुम्ही आहात. उद्या मुलगा कुलूप लावेल, आणि आम्ही परत फाटकाबाहेर."

"मी लावू देणार नाही."

"तेव्हा तुम्ही कुठं असाल?"

खरं आहे. ह्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे. उद्या वकिलांकडे.

२० मार्च, गुरुवार

लिहून ठेवते, नंतर वाद नकोत. गाडी मुलाची. ओढून न्यावी लागेल, पण बाबांची आहे, त्यानं जपावी. शिवणयंत्र सुनेला. बांगड्या आणि माझी सगळी पुस्तकं धाकटीला. घर दोघा भावंडांना, निम्मं निम्मं, माझ्यामागे.

गॅरेज मावशी आणि त्यांच्या सहाजणींना. माझ्यामागे नाही. आज सकाळी अकरा वाजता बक्षीसपत्रावर सही केली, दोन्ही किल्ल्या मावशींच्या हातात दिल्या. मला आत जायचं झालं, तर त्यांना विचारून जावं.