उरलेल्या रंगाचं खोकं

तीर्थरूप मामांना त्यांच्या दातांच्या डॉक्टर भाचीचा वाकून नमस्कार.

पत्रास कारण की फोन तुम्ही उचलत नाही आणि चुकून उचललात तर "बरं आहे" म्हणून ठेवता. पत्र असं मधेच ठेवता येत नाही (येतं म्हणा, पण तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, औषधाच्या बाटलीवरचा कागदही तुम्ही शेवटपर्यंत वाचता). तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? खालची कवळी अजून डबीतच राहते का? ती तोंडात ठेवायची वस्तू आहे हे मी पुन्हा एकदा आदरपूर्वक कळवते. इकडे सगळे खुशाल. बाबांचा रक्तदाब ठीक आहे आणि आईचा आवाज त्याहून ठीक आहे.

तर मागे तुम्ही फोनवर आईला म्हणालात की बोटं आता ऐकत नाहीत, गिटार कुणालातरी देऊन टाकतो. आईने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन गप्प बसली. आई गप्प बसली की बाबा आधी गॅस बघून येतात आणि मग मला बोलावून घेतात. मी पोचले तर ती मिक्सर ज्यावर ठेवतो त्या खोक्यावर हात ठेवून बसली होती. म्हणाली, हा तुझ्या मामाचा स्पीकर आहे, तो वाजवायचं सोडून नोकरीच्या गावी गेला तेव्हा माझ्याकडे ठेवून गेला. मामा, त्या खोक्यावर चढून मी वरच्या फळीवरचा खाऊ चोरला, त्यावर बसून अभ्यास केला आणि आजवर त्याला दार नसलेलं कपाट समजत आले. ज्या कपाटाला दारच नाही आणि ज्याच्या आतही काही ठेवता येत नाही ते घरात कशाला असेल, हा प्रश्न मला कधी पडला नाही. (अशी मुलगी डॉक्टर कशी झाली, याचं बाबांनाही नवल वाटतं.)

मी तिथल्या तिथे जाहीर केलं की हा स्पीकर पहिल्यासारखा करणार. जाहीर करायला माझं काय जातं? पण आईची रीत तुम्हाला माहीत आहे. घराला रंग दिला की डब्याच्या तळाशी उरलेला रंग फुकट घालवायचा नाही, तो खोक्यावर मारायचा. वर बाबा रिटायर झाले तेव्हाचा बदामी, त्याखाली माझ्या लग्नाच्या वेळचा गुलाबी, त्याखाली खिडक्यांचा हिरवा, त्याखाली एक असा निळा की जो आम्ही कुठे लावला होता हे आता कुणी कबूल करत नाही. समोरच्या जाळीच्या कापडालाही तेच. बिचारं पत्र्यासारखं वाजत होतं. आधी मी सुताराला बोलावलं. त्याने खोकं उलटंपालटं केलं, ठोकून पाहिलं आणि आत दोन फळ्या टाकून चपला ठेवायला झकास होईल म्हणाला. त्याला चहा देऊन वाटेला लावलं. मग रंग काढायचं औषध आणलं. त्याने रंग निघाला, पण रंगाखालचं रेक्झिनही त्याच्यासोबत निघालं (मागचा डावा कोपरा. आलात की तिकडे बघू नका). मग हेअर ड्रायरने रंग मऊ करायला गेले, तर ड्रायरच मऊ झाला.

शेवटी दवाखान्यातली दातांवरचं किटण काढायची हत्यारं आणली, आणि मामा, तुम्हाला सांगते, दात काय आणि खोकं काय, चिकाटी सारखीच लागते. रेक्झिनच्या एकेका रेघेतला रंग कोरून काढला. नखांत हिरवा रंग घेऊन दवाखान्यात गेले तर खुर्चीवरचे आजोबा माझ्या हाताकडे बघून म्हणाले की दाढ आता दुखत नाही, आणि निघून गेले. पण खालून जे वांगी रंगाचं रेक्झिन उजळून आलं ना, त्यापुढे दहा दाढा गेल्या तरी चालतील.

आता खरी गोष्ट. मागच्या बाजूला एक गोल उंचवटा होता. खरवडला तर रंगाखाली चिकटपट्टी, तिच्याखाली रंग, त्याखाली पुन्हा पट्टी, असं करत करत तळाशी वायर घालायचं भोक निघालं, आतून लख्ख, रंगाचा एक ठिपका नाही. आई लसूण सोलत होती. तिला विचारलं, तर मान वर न करता म्हणाली, "ते बुजलं असतं तर तो आल्यावर वायर कुठे घालणार होता?" मग रंग तरी कशाला मारलास, विचारलं. तेव्हा कळलं की बाबांनी एकदा भंगारवाल्याला बोलावलं होतं. घराच्या रंगाची वस्तू कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही, असं तिने तेव्हापासून धरलं. बाहेरच्या खोलीत बाबा फारच मन लावून पेपर वाचू लागले.

आत स्पीकर दोन आहेत. चालतात का बघायला वायरींची टोकं बॅटरीच्या सेलला लावली. एक मुका निघाला, त्याचा कागदी पडदा फाटलाय, पण तो नवा चिकटवून मिळतो. दुसरा म्हणाला, थप्प. एवढंच. पण मला रडू आलं. तुमच्या वाजवण्याने ज्यांचं डोकं उठायचं ते बाबा आतून आले आणि म्हणाले, "परत लाव." मग त्यांनी सेल माझ्या हातातून घेतला आणि तो संपेपर्यंत आम्हाला थप्प ऐकवलं.

बोटांचं म्हणाल, तर माझ्याकडे रोज कुणीतरी येतं आणि म्हणतं, हा दात कामातून गेला, काढून टाका. त्यातले निम्मे दात अजून त्यांच्या तोंडात आहेत. तुम्ही वाईट वाजवा. आमच्यात फरक कळणारं कुणी नाही.

तुमची लाडकी (दुसरी भाची नाही म्हणून),
भाची

ता. क. आमच्याकडे नुसतं खोकं आहे. त्याला लागणारा अ‍ॅम्प्लिफायर तुमच्या माळ्यावर आहे, असं आई म्हणते. तो आणि गिटार घेऊन या. वरचं सगळं पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. गुडघ्याची चौकशी मात्र मनापासून.

ता. क. कवळीही आणा.

ता. क. पत्र बंद करता करता कळलं ते लिहिते. स्वयंपाकघराला रंग देऊन रंगारी काल गेला. डब्यात रंग उरलाय, ब्रश भिजत पडलाय आणि आई खोक्याभोवती फिरतेय. मी ओरडले, तर म्हणते, तो येणार असेल तर नाही मारत. भोकावर पट्टी मात्र तिने लावून ठेवली आहे.